संगणकीय पाठ आणि संपादकाचा संदेह

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा कोणताही खंड चाळला, तर श्लोकांच्या खाली मधूनमधून एक नागमोडी रेषा ओढलेली दिसते. ही रेषा कधी एखाद्या अक्षराखाली असते, कधी शब्दाखाली, तर कधी अधिक लांबवर गेलेली असते. तिचा अर्थ असा की, येथे छापलेला पाठ संपादकाने स्वीकारला आहे खरा, परंतु त्याविषयी त्याच्या मनाची पुरती निश्चिती झालेली नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या साक्षीवरून याहून अधिक भरवशाचा पाठ हाती लागत नाही, एवढेच तो सांगू इच्छितो. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी १९२५ मध्ये या कार्याची सूत्रे हाती घेतली आणि १९३३ मध्ये आदिपर्व त्याच्या विख्यात प्रस्तावनेसह पुरे झाले. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे श्रीपाद कृष्ण बेलवलकर व परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ती धुरा वाहिली आणि १९६६ मध्ये मूळ ग्रंथाचे संपादन समाप्त झाले. बाराशेंहून अधिक हस्तलिखितांच्या आधारे उभारलेल्या या प्रचंड वास्तूत ती बारीकशी नागमोडी रेषा फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. प्रस्तुत लेखकास मात्र ती त्या आवृत्तीतील सर्वांत प्रामाणिक खूण वाटते.

आज आपल्यापैकी बहुतेक अभ्यासक हे महाभारत कागदावर वाचीत नाहीत. क्योतो येथील मुनेओ तोकुनागा यांनी त्याचा संगणकीय पाठ सिद्ध केला आणि केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी तो पुन्हा तपासून शुद्ध केला. या दोघांचे ऋण कोणीही नाकारणार नाही. एखादा शब्द अठरा पर्वांत कोठे कोठे आला आहे, हे पाहण्यास पूर्वी महिने लागत. ते आता क्षणाचे काम झाले आहे. परंतु त्या संगणकीय पाठाच्या साध्या ओळींत नागमोडी रेषेला जागा उरलेली नाही. ज्या अक्षराविषयी सुखटणकरांना शंका होती ते अक्षर आणि ज्याविषयी तिळमात्र शंका नव्हती ते अक्षर, ही दोन्ही आता सारख्याच निःशंकपणे आपल्यापुढे उभी राहतात. संपादकाने घेतलेला निर्णय आपणांस मिळाला, पण तो घेताना त्याच्या मनात असलेला संदेह वाटेतच गळाला.

डिजिटल मानव्यविद्या या नावाने जे संशोधन व अध्यापन गेल्या दोन दशकांत आपल्या विद्यापीठांतून रुजू लागले आहे, त्याची परीक्षा करताना साधनांच्या नामावळीने दिपून जाण्याचे कारण नाही. तसेच यंत्राच्या नावाने नाक मुरडण्याचेही नाही. या विद्येपुढे एकच प्रश्न ठेवला, म्हणजे पुरे आहे. ग्रंथ संगणकात नेताना त्याच्याविषयीचा संदेहही बरोबर नेला जातो काय? जेथे तो नेला जात नाही, तेथे पुढची सारी गणिते कितीही बिनचूक असली तरी ती अनिश्चित पायावर केलेली असतात, आणि तो पाया अनिश्चित आहे हे कळण्याची सोयही नाहीशी झालेली असते.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. दोन वर्षांपूर्वी एका संशोधक विद्यार्थिनीने एका जुन्या मासिकाच्या सुमारे चाळीस वर्षांच्या अंकांचा संगणकीय संग्रह घेऊन त्यातील शब्दांच्या वारंवारतेचा तक्ता तयार केला. तक्त्यातील एका रेषेने तिचे लक्ष वेधून घेतले. 'नाही' या शब्दाची वारंवारता १९६२ पर्यंत अगदी अल्प होती आणि त्यानंतरच्या थोड्याच वर्षांत ती एकदम उंचावली होती. तिने या चढावर एक प्रकरण लिहिले. त्यात स्वातंत्र्योत्तर भ्रमनिरास आला, नवकाव्याचे नकारात्मक भान आले, १९६२ च्या युद्धातील पराभवाची छाया आली. प्रकरण चांगले लिहिले होते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. प्रस्तुत लेखकाने ते एकदा वाचून समासात दोन ठिकाणी 'उत्तम' असा शेराही मारला होता. पुढे तोच तक्ता छापखान्यात मुद्रितशोधनाचे काम करण्यात आयुष्य घालविलेल्या एका वृद्ध गृहस्थांच्या दृष्टीस पडला. त्यांनी चष्मा वर करून इतकेच विचारले, "ताई, तुमच्या यंत्राने 'नाहीं'वरचे टिंब धरले आहे की सोडले आहे?"

१९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेले लेखनविषयक चौदा नियम महाराष्ट्र शासनाने मान्य केले. १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. या नियमांनी उच्चारात न येणारे, व्युत्पत्तीच्या आधारावर दिले जाणारे अनुस्वार काढून टाकले. 'नाहीं', 'कांहीं', 'कीं', 'पांच', 'असें' ही रूपे गेली व आज आपण लिहितो ती आली. मराठी माणूस १९६२ नंतर अधिक वेळा 'नाही' म्हणू लागला नव्हता. तो पूर्वीही तितकेच नकार देत होता. फक्त ते टिंबासह देत होता.

चूक उघडकीस आल्यावर विद्यार्थिनीने सुचविलेला उपाय स्वाभाविक होता: सगळ्या जुन्या मजकुरातील अनावश्यक टिंबे यंत्राकडूनच पुसून टाकावीत, म्हणजे दोन्ही काळांचा मजकूर एका पातळीवर येईल. परंतु खरी अडचण येथूनच सुरू होते. जुन्या लेखनात 'तें' म्हणजे नपुंसकलिंगी एकवचन आणि 'ते' म्हणजे पुल्लिंगी अनेकवचन असा भेद डोळ्यांना दिसत असे. 'हें' व 'हे' यांचेही तसेच. 'नांव' म्हणजे नाम आणि 'नाव' म्हणजे होडी, हाही भेद त्या टिंबावर उभा होता. टिंबे सरसकट पुसली की 'नाहीं' सुधारते, पण सर्वनामांची लिंगवचने एकमेकांत मिसळतात व होड्यांची संख्या विनाकारण वाढते. शिवाय १९६२ ही काही भिंत नव्हे. त्यापूर्वीही काही लेखक व मुद्रक अनुस्वार गाळीत असत, आणि त्यानंतरही काहींनी ते आग्रहाने चालू ठेवले. म्हणजे प्रत्येक टिंब पुसावे की ठेवावे, हा निर्णय मुळात संपादकाचा आहे. तो यंत्राकडे सोपविला, म्हणून त्याचे स्वरूप बदलत नाही. तो कोणी व कोणत्या आधारे घेतला याची नोंद मात्र राहत नाही.

याहून सूक्ष्म प्रकार देवनागरीच्या संगणकीय संकेतांत आढळतो. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतील भेद शाळकरी मुलासही ठाऊक असतो. पहिल्याला दक्षिणा द्यावयाची, दुसऱ्याला पगार. युनिकोड या सर्वमान्य संकेतप्रणालीत हा दुसरा शब्द दोन रीतींनी लिहिता येतो. 'ऱ' या स्वतंत्र वर्णापुढे हलन्ताचे चिन्ह व 'य' ठेवून तो लिहिता येतो. अथवा साधा 'र', हलन्त, नंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह आणि 'य' अशा क्रमानेही. पडद्यावर दोन्ही रूपे हुबेहूब सारखी दिसतात. शोध घेणाऱ्या यंत्रास मात्र ते दोन भिन्न शब्द आहेत. एका रीतीने लिहिलेला शब्द शोधला, तर दुसऱ्या रीतीने लिहिलेला त्यास सापडेलच असे नाही. आणि मजकूर 'स्वच्छ' करणाऱ्या आज्ञावलीने ते अदृश्य चिन्ह निरुपयोगी समजून काढून टाकले, तर आचारी तत्क्षणी आचार्य होतो. 'ॲ' या अक्षराचीही कथा अशीच आहे. त्यास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. तोवर ते 'अ'वर चंद्र जोडून लिहिले जात होते, व आजही अनेक ठिकाणी जाते. त्याही पलीकडे श्रीलिपी, कृतिदेव इत्यादी जुन्या टंकांत जुळविलेला मजकूर आहे. तो दिसतो देवनागरी, परंतु संगणकाच्या पोटात रोमन लिपीच्या अक्षरांचे व चिन्हांचे संकेत असतात. विसाव्या शतकाच्या अखेरचे आपले कितीतरी मुद्रण या टंकांत झाले असल्यामुळे त्या कालखंडाचा संग्रह करणाऱ्यास रूपांतराच्या आज्ञावलीवर विसंबावे लागते. आणि त्या आज्ञावलीने कोठे काय गृहीत धरले आहे, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे अजून पडलेली नाही.

छापील पानाच्या प्रतिमेवरून अक्षरे ओळखणाऱ्या आज्ञावलींविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण या ठिकाणी एक विलक्षण गोष्ट घडते. टेसेरॅक्टसारखी आज्ञावली शब्द ओळखते, तेव्हा ती प्रत्येक शब्दाबरोबर स्वतःच्या खात्रीचा अंकही मनाशी मांडीत असते. शून्यापासून शंभरापर्यंतचा हा अंक वेगळ्या स्वरूपाच्या फलितात मागून घेता येतो. म्हणजे यंत्रापाशी त्याची स्वतःची नागमोडी रेषा असते! पुसट छपाईतील 'ध' व 'घ', 'भ' व 'म', पान फाटल्यामुळे तुटलेली वेलांटी, या सर्व ठिकाणी ते यंत्र आपल्या परीने अडखळते व ते अडखळणे नोंदविते. मग आपण काय करतो? 'साधा मजकूर' या रूपात फलित जतन करतो आणि ते सगळे अंक टाकून देतो. यंत्र निःशंक आहे, हा आरोप म्हणूनच खोटा आहे. त्याची शंका आपणच फेकून देतो व मग त्याच्या उद्दामपणाबद्दल त्यास दोष देतो. अलीकडे भाषिक प्रतिमानांकडून असा मजकूर 'सुधारून' घेण्याची प्रथा पडत आहे. त्यात धोका अधिक आहे. कारण अशी सुधारणा वाचावयास सुरेख व व्याकरणशुद्ध असते आणि म्हणूनच मूळ पानावर काय होते ते पाहण्याची प्रेरणाच ती मारून टाकते. चुकीचा पण अडखळता पाठ अभ्यासकाला जागे ठेवतो, चुकीचा पण सफाईदार पाठ त्याला झोपवितो.

या विद्येचा आरंभ ज्यांच्यापासून मानण्याची प्रथा आहे त्या रोबेर्तो बुसा या इटालियन जेझुइट पंडिताचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. संत थॉमस अॅक्वायनस यांच्या लेखनातील 'सान्निध्य' या कल्पनेचा शोध घेताना बुसा यांच्या असे ध्यानात आले की, ही कल्पना मोठमोठ्या पारिभाषिक शब्दांत नसून 'मध्ये' या अर्थाच्या एका इवल्याशा लॅटिन शब्दयोगी अव्ययात दडलेली आहे. असे क्षुद्र शब्द कोणत्याही छापील सूचीत नोंदलेले नसतात. म्हणून त्यांनी स्वतः सुमारे दहा हजार पत्रिका हाताने लिहून काढल्या. १९४९ मध्ये ते आयबीएम या संस्थेचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले आणि छिद्रपत्रांच्या साहाय्याने अॅक्वायनसच्या समग्र शब्दसूचीचे काम सुरू झाले. एक कोटीहून अधिक शब्दांची ती सूची १९७४ ते १९८० या काळात छप्पन्न खंडांत प्रसिद्ध झाली. आज शब्द मोजणाऱ्या बहुतेक आज्ञावली पहिल्याच पायरीवर 'वर्ज्य शब्दांची' यादी लावून अशी अव्यये बाहेर काढतात, हा दैवदुर्विलास बुसा यांनी पाहिला असता तर त्यांस काय वाटले असते कोण जाणे. मराठीसाठी प्रचलित असलेल्या वर्ज्य शब्दांच्या याद्यांत 'नाही' हा शब्दही सहसा असतो. आमच्या विद्यार्थिनीने ती यादी लावली असती तर चूक झालीच नसती. कारण प्रश्नच नाहीसा झाला असता.

बुसा यांच्या कार्यातील आणखी एक बाजू अलीकडे ज्युलिअॅन नायहन यांच्या संशोधनामुळे प्रकाशात आली आहे. गाल्लाराते येथील केंद्रात छिद्रपत्रे तयार करण्याचे व ती पडताळण्याचे काम मुख्यत्वे तरुण स्त्रियांनी केले. छप्पन्न खंडांच्या कीर्तीत त्यांचा वाटा फारसा कोणी मोजला नव्हता. पाठचिकित्सेच्या दृष्टीने हा केवळ श्रेयाचा प्रश्न नाही. जुन्या पोथ्यांच्या बाबतीत लेखनिकाच्या सवयी ओळखणे हे संपादकाचे पहिले काम असते: हा 'ष' व 'ख' यांची अदलाबदल करतो, तो ओळ गाळतो, तिसऱ्यास अर्थ कळत असल्यामुळे तो सुधारणा करतो. मराठीच्या संगणकीय संग्रहांतही असे लेखनिक आहेत. मजकूर टंकलिखित करणारी व तपासणारी माणसे आहेत, त्यांच्याही सवयी आहेत; परंतु पोथीच्या शेवटी लेखनिकाचे नाव, शक व तिथी मिळते, तेवढीही माहिती आपल्या संग्रहांच्या शेवटी आढळत नाही.

ललित वाङ्मयाच्या समीक्षेत या विद्येचा गाजावाजा झाला तो फ्रँको मोरेत्ती यांच्या 'दूरस्थ वाचन' या कल्पनेमुळे. २००० साली त्यांनी ती मांडली. थोड्याशा अभिजात कृती वारंवार वाचण्याऐवजी हजारो विस्मृत कृतींचे आकृतिबंध पाहावेत, हा विचार मुळात मोठा आहे आणि मराठी कादंबरीच्या इतिहासालाही त्यापासून शिकण्यासारखे आहे. त्यावरील आक्षेपांत २०१९ मध्ये नॅन झेड्. दा यांनी संख्याशास्त्रीय दोषांवर केलेला हल्ला अधिक चर्चिला गेला. परंतु आपल्या दृष्टीने ऑस्ट्रेलियातील कॅथरिन बोड यांचा आक्षेप अधिक मूलगामी आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, जवळून वाचणारा समीक्षक आणि दुरून मोजणारा समीक्षक हे दोघेही एकाच प्रमादाचे धनी आहेत: दोघेही ग्रंथ हा सिद्ध, स्थिर वस्तू मानतात आणि तो कोणत्या प्रतींतून, कोणत्या आवृत्त्यांतून, कोणाच्या हातून आपल्यापर्यंत आला याचा विचार ग्रंथसंपादकावर सोपवून मोकळे होतात. जुन्या ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रांतील कथाकादंबऱ्यांचा संग्रह सिद्ध करताना बोड यांनी त्या संग्रहालाच एक संपादित कृती मानले व तिच्या उणिवांची चर्चा पुढे ठेवली. हे मत आपण मान्य केले तर शब्दगणनेचे कोष्टक हे समीक्षेचे प्रमाण ठरत नाही. तीही एक आवृत्तीच ठरते आणि आवृत्तीला लागणारे सर्व प्रश्न तिला लागू होतात.

मराठीच्या अभ्यासकाला हा विचार परका वाटू नये. आपल्या प्राचीन गद्यग्रंथाचीच साक्ष काढता येईल. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा अनेकांकडून ऐकून संकलित केल्या. मूळ प्रत धामधुमीच्या काळात नाहीशी झाल्यावर ते चरित्र अनुयायांच्या स्मरणातून पुन्हा सिद्ध करावे लागले, आणि स्मरणे एकमेकांशी सर्वत्र जुळत नव्हती. महानुभावांनी अशा वेळी एकाचे खरे धरून दुसऱ्याचे पुसून टाकले नाही. हिराइसेला असे स्मरत होते, दुसऱ्या अमक्याला तसे, अशी नोंद पोथ्यांतून मजकुराच्या ओघातच केलेली आढळते. 'वासना' या संज्ञेने असे पाठभेद ओळखले जातात. ज्ञानेश्वरीचे एकनाथांनी शके १५०६ मध्ये केलेले संशोधन हे याच्या दुसऱ्या टोकाला आहे. पाठभेदांमुळे ग्रंथ अशुद्ध झाल्याची जाणीव नाथांना होती व त्यांनी ते शुद्ध केले; परंतु त्यांनी कोठे काय बदलले याची खूण मागे राहिली नाही, म्हणून राजवाड्यांना १९०९ मध्ये एका जुन्या पोथीच्या बळावर सारा प्रश्न पुन्हा उकरून काढता आला. नाथांच्या अधिकाराविषयी अनादर दाखविण्याचा येथे हेतू नाही. दोन पद्धती समोर ठेवावयाच्या आहेत, इतकेच. शुद्ध व एकसंध पाठ हाती देणारी एक आणि शंकेसह पाठ हाती देणारी दुसरी. आज आपण तयार करीत असलेले संगणकीय पाठ नाथांच्या पद्धतीचे आहेत. फक्त त्यांच्यामागे नाथ नाहीत.

यावर असे म्हटले जाईल की, संगणकाचे स्वरूपच असे आहे. त्यास 'होय' किंवा 'नाही' एवढेच कळते. हे खरे नाही. १९८७ मध्ये अमेरिकेतील पोकिप्सी येथे भरलेल्या बैठकीतून ग्रंथांच्या संगणकीय संकेतनाचा जो सर्वमान्य आराखडा पुढे आला, आणि जो टीईआय या नावाने ओळखला जातो, त्यात अस्पष्ट अक्षर, संपादकाने भरून काढलेले अक्षर, पर्यायी पाठ व तो देणारी प्रत, इतकेच नव्हे तर संपादकाच्या खात्रीची पातळी दर्शविण्याचीही तरतूद आहे. नागमोडी रेषा तेथे सहज ओढता येते. ती ओढली जात नाही याचे कारण यंत्रात नसून आपल्या घाईत आहे. इतकी लाख पाने संगणकावर आली, हा आकडा अहवालात शोभतो. इतक्या ठिकाणी वाचन संशयित आहे, हा आकडा कोणी अहवालात मागत नाही.

जादवपूर विद्यापीठातील 'विचित्रा' हा रवींद्रनाथांच्या वाङ्मयाचा प्रकल्प या घाईला सन्मान्य अपवाद आहे. सुकांत चौधुरी यांच्या मार्गदर्शनाखाली २०१३ मध्ये तो खुला झाला. सत्तेचाळीस हजारांहून अधिक हस्तलिखित पाने आणि त्याच्या जवळजवळ दुप्पट छापील पाने त्यात एकत्र आणली आहेत, परंतु त्याचे महत्त्व संख्येत नाही. एकाच कवितेची अथवा नाटकाची निरनिराळी रूपे तेथे एकमेकांशेजारी ठेवता येतात आणि 'प्रभेद' नावाची आज्ञावली त्यांतील फरक आधी मोठ्या खंडांच्या, मग परिच्छेदांच्या व शेवटी शब्दांच्या पातळीवर दाखविते. कोणते रूप खरे, हे प्रकल्प ठरवीत नाही. यात एक उणीवही आहे, ती लपविण्याचे कारण नाही. सर्व पाठ समोर मांडले म्हणजे संपादकाचे कर्तव्य संपले, असे मानण्याचा मोह अशा रचनेत असतो. सुखटणकर मात्र निर्णय घेत, त्याची जबाबदारी स्वीकारीत आणि मगच त्याखाली रेषा ओढीत. सगळेच पाठ समान ठेवणे आणि एक पाठ शंकेसह स्वीकारणे, यांत दुसरे काम अधिक अवघड आहे.

महाभारताच्या पाठतुलनेसाठी पुण्यात वापरलेल्या कागदांची रचना येथे आठवते. प्रत्येक श्लोकासाठी स्वतंत्र पान, त्यावर आखलेली चौकटींची जाळी, प्रत्येक चौकटीत एक अक्षर, आणि खाली एकेका हस्तलिखितासाठी एकेक ओळ. जेथे भेद असेल तेथेच अक्षर भरावयाचे. शांतिनिकेतनात बंगाली लिपीतील पोथ्यांसाठी व तंजावरात दाक्षिणात्य पोथ्यांसाठी हेच काम चालले होते, आणि ही पाने पुण्यास येत होती. आज ज्यास आपण माहितीची सारणी म्हणतो ती हीच. फरक एवढाच की, चौकट भरणाऱ्यास आपण काय करीत आहोत हे प्रत्येक अक्षरागणिक ठाऊक असे.

म्हणून अध्यापनाविषयी प्रस्तुत लेखकाचे एक स्पष्ट मत आहे. आपल्याकडील डिजिटल मानव्यविद्येचे बहुतेक अभ्यासक्रम साधनापासून सुरू होतात: पहिल्या आठवड्यात आज्ञावली, दुसऱ्यात शब्दमेघ, तिसऱ्यात जाळ्यांच्या आकृत्या. विद्यार्थ्यास पाठ तयार मिळतो. हा क्रम उलटा करावयास हवा. तुकोबांचा एखादा अभंग घ्यावा. १८७३ च्या सरकारी गाथेतील, विनायक लक्ष्मण भावे यांनी प्रसिद्ध केलेल्या गाथेतील आणि वारकऱ्यांच्या नित्यपाठातील अशी त्याची तीन रूपे विद्यार्थ्याने चौकटींच्या कागदावर हाताने तोलावीत. मग तीच तुलना संकेतबद्ध करावी, प्रत्येक संशयित जागी खात्रीची पातळी लिहावी. आणि त्यानंतरच यंत्राकडे मोजणीस बसावे. माहितीशास्त्राचे शिक्षण ग्रंथालयशास्त्र विभागात, पाठचिकित्सेचे मराठी व संस्कृत विभागांत आणि आज्ञावलींचे संगणकशास्त्र विभागात, अशी जी वाटणी आपल्या विद्यापीठांत झाली आहे, तिच्यामुळे हा क्रम कोणालाच पुरा शिकविता येत नाही, हे खरे आहे. रंगनाथनांनी वर्गीकरणाचा विचार केला तो तर्कशास्त्र, भाषा व व्यवहार यांना एकत्र धरून. त्यांच्या देशात हे तीन विभाग एका जिन्यावर असूनही एकमेकांस ओळखत नाहीत.

सहकाऱ्यांची हरकत ठाऊक आहे. असा क्रम धरला तर दोन सत्रांत एखाद्या विद्यार्थ्याच्या हातून पाच-पंचवीस अभंगांपलीकडे काम होणार नाही, आणि पाच-पंचवीस अभंगांवर आलेख निघत नाहीत. हरकत खरी आहे. एका अभ्यासक्रमाने संग्रह उभा राहत नाही. परंतु ज्याने पंचवीस अभंग असे तोलले आहेत त्याच्यापुढे पाच हजार अभंगांचा तयार संग्रह ठेवला, तर तो प्रथम काय विचारील आणि ज्याने तोललेले नाहीत तो काय विचारील, यांत अंतर पडते. ते प्रस्तुत लेखकाने मौखिक परीक्षांत पुनःपुन्हा पाहिले आहे.

त्या विद्यार्थिनीने ते प्रकरण मागे घेतले. टिंबे सरसकट पुसण्याचा विचार सोडून तिने प्रत्येक शब्दाची जुनी व नवी रूपे स्वतंत्र ठेवली, त्यांना जोडणारी सारणी वेगळी केली आणि अक्षरओळखीचे खात्रीचे अंक पुन्हा मिळविण्यासाठी सर्व पानांच्या प्रतिमा नव्याने यंत्रातून काढल्या. त्यात सात महिने गेले व शिष्यवृत्तीची मुदत संपली. नव्या तक्त्यात 'नाही'ची रेषा चाळीस वर्षे जवळजवळ सपाट जाते. मधल्या एका ठिकाणी, सुमारे अडीच वर्षांच्या अंकांत, ती थोडी खाली वाकते. ते वाकणे लेखकांचे आहे, संपादक बदलल्याचे आहे, की त्या काळातील हलक्या कागदावरची छपाई यंत्रास नीट वाचता न आल्याचे आहे, हे अद्याप ठरलेले नाही. त्या अंकांतील खात्रीचे अंक इतरांपेक्षा कमी आहेत, एवढे दिसते. ती पाने ती सध्या ग्रंथालयात बसून मूळ अंकांशी एकेक करून ताडून पाहत आहे.